‘नंबर’ आणि ‘क्रमांक’ : एका परकीय शब्दाच्या अर्थविस्ताराची चिकित्सा

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांची चर्चा बहुधा शुद्धाशुद्धतेच्या अंगाने होते. शब्द परका आहे, त्याला अमुक पर्याय आहे, तो वापरावा, एवढ्यावर ती थांबते. आलेल्या शब्दाने मराठीत कोणते काम पत्करले, हा प्रश्न मागे राहतो. ‘नंबर’ या अगदी सामान्य शब्दाच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

या विचाराला रत्नागिरीची पार्श्वभूमी आहे. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीची उभारणी याच काळात झाली. त्यांच्या नावावर असलेल्या पर्यायी शब्दांच्या यादीत ‘तारीख’साठी ‘दिनांक’ आणि ‘नंबर’साठी ‘क्रमांक’ आढळतो. जी वस्तूच आपल्याकडे नव्हती तिचे परके नाव राहू द्यावे, अशी सवलत त्यांनी ठेवली होती. ‘नंबर’ त्या सवलतीत बसत नव्हता. अंक, संख्या, पाळी हे शब्द मराठीत होतेच.

‘क्रमांक’ हा शब्द अपयशी ठरला असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ नंतर शासकीय मराठीचा व्याप वाढला आणि अर्ज, पावत्या, आदेश, गुणपत्रिका यांत ‘क्रमांक’ स्थिरावला. स्पर्धेत ‘प्रथम क्रमांक’ पटकावला जातो, दूरध्वनीलाही क्रमांक असतो. परंतु दवाखान्यात कोणी क्रमांक लावीत नाही. मुलाच्या डोळ्यांना क्रमांक लागला, असेही घरात कोणी म्हणत नाही. ही सीमारेषा कोठून आली, हे पाहणे उद्बोधक आहे.

इंग्रजीत या शब्दाचे अर्थ पुष्कळ आहेत. मोजदाद, समूह, व्याकरणातील वचन, कार्यक्रमातील एखादे गाणे किंवा नृत्य हे त्यांपैकी काही. यांतील बहुतेक मराठीने घेतले नाहीत. मोजण्यासाठी ‘संख्या’ राहिली, व्याकरणात ‘वचन’ राहिले. मराठीने घेतला तो ओळख पटविणारा आणि जागा दाखविणारा अंक. मग त्याला स्वतःची क्रियापदे जोडून नवे अर्थ घडविले. येथेच या शब्दाचे मराठीपण सुरू होते.

‘नंबर येणे’ म्हणजे परीक्षेत स्थान मिळणे, किंवा रांगेत पाळी येणे. ‘नंबर लावणे’ म्हणजे रांगेत आपली जागा धरणे. ‘नंबर काढणे’ याचा अर्थ चष्म्याच्या दुकानात एक, तर डॉक्टरांच्या दारात दुसरा. ‘नंबर लागणे’ हा प्रयोग तर विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘मुलाचा नंबर लागला’ या वाक्यात प्रवेश किंवा निवड सूचित होते, तर ‘मुलाला नंबर लागला’ म्हटले की चष्मा आठवतो. नाम तेच, क्रियापद तेच. षष्ठीच्या जागी चतुर्थी येताच अर्थ पालटतो. ‘आता कोणाचा नंबर?’ या प्रश्नात तर मृत्यूची किंवा नोकरकपातीची चाहूलही असू शकते. इतका भार मराठीच्या विभक्तिव्यवस्थेवर टाकणारा शब्द केवळ उसना म्हणता येणार नाही.

पर्यायाची अडचण नेमकी येथे आहे. ‘क्रमांक’ हा नामाला दिलेला पर्याय आहे, प्रयोगाला नाही. म्हणून जेथे शब्द एकटा उभा असतो, म्हणजे छापील रकान्यात, तेथे तो सहज बसला. क्रियापदाशी बांधलेल्या जागी मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. ‘एक नंबर’ म्हणजे उत्कृष्ट आणि ‘दोन नंबरचा’ म्हणजे बेकायदा, या बोलीतील जोडीविषयीही हेच म्हणता येईल. ‘दोन क्रमांकाचा पैसा’ ऐकून कोणाला काळा पैसा आठवणार नाही.

जमिनीच्या व्यवहारात या शब्दाने याहून मोठी मजल मारली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमात सर्व्हे नंबरची व्याख्या जमिनीचा तुकडा अशीच आहे: ज्याचे क्षेत्र आणि आकार दर्शक अंकाखाली स्वतंत्रपणे नोंदले आहेत असा तुकडा. म्हणजे अंक हे जमिनीचे चिन्ह न राहता जमीनच झाला. खेड्यात ‘तो नंबर विकला’, ‘आमच्या नंबरात कलमे आहेत’ असे म्हटले जाते ते त्यामुळेच. सातबाऱ्यावर आज ‘भूमापन क्रमांक’ छापलेला असतो आणि शेताच्या स्थानिक नावासाठीही जागा असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतनावांना मागे सारून व्यवहारात उरला तो ‘नंबर’. परकीयत्वाचा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो या विस्मरणावर घ्यावा; ‘नंबर’च्या जागी ‘क्रमांक’ छापल्याने शेताचे नाव परत येत नाही.

आणखी एक उदाहरण किनाऱ्यावरचे. वादळी हवेत बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला, अशी बातमी येते आणि मच्छीमार नौका समुद्रात न्यायची की नाही ते ठरवतात. भारतीय बंदरांवरील या इशाऱ्यांचे संकेत अकरा आहेत. तिसरा संकेत बंदराला जोरदार वाऱ्यांचा धोका असल्याचे सांगतो. पाचवा, सहावा आणि सातवा यांत वादळाच्या तीव्रतेचा फरक नसून ते बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार, की बंदरावरूनच जाणार, याचा असतो. अकराव्याचा अर्थ इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे. या अंकांना सरळ चढता क्रम नाही. ‘क्रमांक’ या शब्दात मात्र ‘क्रम’ आधीच बसलेला आहे, आणि सातवा बावटा पाचव्याहून भयंकर असा समज त्याने सहज होईल. ‘नंबर’ या शब्दाला मराठी कानाच्या लेखी व्युत्पत्तीच नाही, म्हणून तो असा कोणताच समज करून देत नाही. धक्क्यावरचा माणूस तीन नंबर ऐकतो आणि दोर आवळून बांधतो.