हातांनी घडलेले पुस्तक : श्रेय आणि श्रम

हस्तनिर्मित पुस्तकाकडे बाजारविरोधाचे चिन्ह म्हणून पाहिले जाते. परंतु या विरोधाची रूपे एकजिनसी नाहीत. 1950च्या दशकात मुंबईतील 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून निघाले. तेथे निर्मितीतला साधेपणा ही निकड होती. पी. लाल यांनी 1958 मध्ये कोलकात्यात स्थापिलेल्या 'रायटर्स वर्कशॉप'ची पुस्तके हातमागाच्या साडीच्या कापडात बांधली गेली, त्यांवरील सुलेखन स्वतः लाल यांनी केले. तेथे हस्तकौशल्य हीच ओळख झाली. या पुस्तकांच्या श्रेयनोंदीत बांधणीकाराचे नाव आढळते, ही बाब दुर्मीळ व मोलाची. कापड मात्र केवळ भारतीय म्हणून नोंदले जाते, विणकर अनामिकच राहतो. म्हणून 'स्वतः करणे' या संकल्पनेची तौलनिक चिकित्सा देखणेपणापाशी न थांबता, 'स्वतः' म्हणजे नेमके कोण, या प्रश्नापर्यंत न्यावी लागते.