नाट्यशिक्षणाचीं तीन दालनें

आमच्या महाविद्यालयांत नाटक वर्गांत येतें तें बहुधा ग्रंथालयाच्या कपाटांतून. देवलांच्या ‘शारदे’चें संविधानक कसें रचिलें आहे, कांचनभटाचा स्वभाव कसा रेखाटला आहे, या प्रश्नांचीं उत्तरें विद्यार्थी मोठ्या तत्परतेनें देतो. परंतु १८९९ सालीं तें नाटक रंगभूमीवर आलें तेव्हां दिवे कोठें असत, पडदा कोणता उघडे, गाणारा नट तोंड कोणीकडे करून उभा राही, हें त्यास कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलें तर गुरुजीच अडचणींत यावयाचे!

अलीकडे विद्यापीठांतून नाट्यशास्त्राच्या पदव्या मिळूं लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. नेपथ्य, प्रयोग व इतिहास असे तिन्ही विषय तेथें शिकवितात. आमची शंका एवढीच कीं, हीं तीन दालनें एकाच वाड्यांत असलीं तरी त्यांचीं मधलीं दारें बंद तर नाहींत ना?

भरतमुनींनीं तीं बंद ठेविलीं नव्हतीं. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत मर्त्य लोकांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मध्यम मंडप सांगितला आहे, आणि त्याचें कारणही दिलें आहे. मंडप याहून मोठा झाला तर शब्द विरून जातो व मुखावरील भाव दिसेनासा होतो. हें माप सुताराचें खरें, पण तें नटाच्या गळ्यावरून व डोळ्यावरून काढलेलें आहे.

आमच्या संगीत नाटकांविषयीं टीकाकार एक आक्षेप वारंवार घेतात. मुख्य कथा रंगांत आली असतां मध्येंच एखादा रस्त्यावरचा हलका प्रवेश येतो आणि रचना सैल होते, असें त्यांचें म्हणणें. हा आक्षेप पुस्तक हातांत घेऊन घेतलेला आहे. रंगविलेल्या पडद्यांच्या रंगभूमीवर राजवाड्याची किंवा उपवनाची मांडणी मागील भागांत करावी लागे. तिला वेळ मिळावा म्हणून पुढें रस्त्याचा पडदा सोडून त्याच्यापुढील चिंचोळ्या जागेंत दोन पात्रें बोलत ठेवीत. तेथें बसावयास आसन नाहीं, फिरावयास जागा नाहीं. तेव्हां संवाद चटपटीत व बहुधा विनोदी होणें क्रमप्राप्तच होतें. असे सारेच प्रवेश चांगले होते असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक खरोखर कंटाळवाणे आहेत. पण ते लेखकाच्या आळसांतून आले कीं पडद्याच्या दोरीवरून आले, हें ठरविल्यावांचून निकाल देणें अन्यायाचें आहे. १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’नें ब्यर्न्सनच्या नाटकावरून वर्तकांनीं रचिलेलें ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलें आणि पडद्याऐवजीं भिंतींची खोली उभी केली. हें सारें श्रेय इतिहासकार इब्सेनच्या प्रभावास देतात. आमच्या मतें त्यांतील बराचसा वांटा त्या भिंतींचा आहे. खोली एकदां उभी राहिली कीं रस्ता आपोआप नाहींसा होतो, आणि त्याबरोबर तो हलका प्रवेशही.

दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालीं निघालें. १९६२ पासून १९७७ पर्यंत त्याचें संचालकपद इब्राहिम अल्काझी यांजकडे होतें. हे गृहस्थ मूळ पुण्याचे. १९२५ सालीं त्यांचा जन्म तेथेंच झाला. धर्मवीर भारतींचें ‘अंधा युग’ त्यांनीं १९६३ सालीं फिरोजशहा कोटल्याच्या भग्न अवशेषांत केलें. युद्धानें ओस पडलेल्या हस्तिनापुराचें चित्र कोणत्याही रंगाऱ्यानें काढलें नसतें असें त्या पडक्या दगडांनीं काढलें. जागा निवडणें हेंच नेपथ्य होऊं शकतें, हा धडा शंभर व्याख्यानांनीं मिळाला नसता. तथापि अशा शिक्षणास एक उणेपणा चिकटतोच. कोटल्याचे दगड सांगलीस नेतां येत नाहींत. आणि हिंदींतून घडलेल्या मराठी विद्यार्थ्यास आपल्या भाषेची लय घरीं परतल्यावर पुन्हां शोधावी लागते.

येथें एक सडेतोड प्रश्न आम्हांस कोणी करील. १९७२ सालीं पुण्यांत तेंडुलकरांचें ‘घाशीराम कोतवाल’ आलें. ओळीनें उभ्या राहिलेल्या माणसांची भिंत, तीच पडदा, तीच पुणें शहर. क्षणांत ती फुटते आणि मागचें पाप उघडें पडतें. नेपथ्य, प्रयोग व इतिहास यांचा असा एकजीव मराठींत क्वचितच झाला असेल. पण दिग्दर्शक जब्बार पटेल वैद्यकीचे पदवीधर, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ! मग नाट्यमहाविद्यालय हवें कशाला?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण तसा तो नाहीं. या मंडळींचेंही एक विद्यालय होतें. त्याचें नांव हौशी संस्थांच्या तालमी व स्पर्धा. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू झाली, व तिनें कित्येक पिढ्यांस उभें राहावयास शिकविलें. स्पर्धा प्रयोग शिकविते, काटकसरीचें नेपथ्यही शिकविते. इतिहास मात्र शिकवीत नाहीं. त्यामुळें दर वर्षीं कोणी तरी तरुण माणसांची भिंत नव्यानेंच शोधून काढतो, आणि दशावतारांत व खेळ्यांत तिचे पूर्वज आहेत हें त्याच्या गांवींही नसतें.

पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र १९८७ सालीं स्थापन झालें, व पुढें सतीश आळेकरांसारखा नाटककार वर्षानुवर्षें त्याच्या प्रमुखपदीं होता. अशा संस्थांपुढें आम्ही एक नम्र सूचना ठेवितों. इतिहासाच्या लेखी परीक्षेऐवजीं विद्यार्थ्यास ‘शारदे’तील एक प्रवेश द्यावा आणि तो १८९९ च्या पद्धतीनें करून दाखवावयास सांगावें : पुढें रस्त्याचा पडदा, मागें मांडणीची घाई, कंदिलांचा उजेड, ध्वनिक्षेपक नाहीं. एक दालन, दोन पडदे व थोडें तेल एवढ्यावर काम भागेल. पडदे मात्र नव्यानें रंगवावे लागतील. जुन्यांपैकीं धड राहिलेला एकही आमच्या पाहण्यांत नाहीं.