देव तू ने, घर आम्ही बघतो

आजी गेल्यावर घाटनांदूरच्या घरातून माझ्या वाट्याला देव्हारा आला. सागवानी, दोन दारांचा, खाली एक खण. आत खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक आणि घोड्यावर बसलेल्या कुणा पूर्वजाचा एक. चिनी घरांत पूर्वजांच्या लाकडी पाट्यांवर नावं लिहिलेली असतात. आमच्या टाकावर नाव नाही. आजीला विचारायचं राहून गेलं.

चुलते म्हणाले, "देव तू ने बाई, घर आम्ही बघतो. सही सावकाश कर." टेम्पोत देव्हाऱ्यासोबत हक्कसोडपत्र आलं.

त्या आठवड्यात पुण्याच्या वन बीएचकेत मी महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' पुन्हा वाचलं. विजया मेहतांनी १९८५ साली रंगमंचावर आणलेलं हे नाटक. तात्याजी गेलेत, तेराव्याच्या खर्चाची विवंचना आहे, ट्रॅक्टर गंजत पडलाय. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर वाचलं होतं तेव्हा मला वाड्याचंच वाईट वाटलं होतं.

बहुतेकांना तेच वाटतं. ढासळत्या वाड्याची शोकांतिका म्हणून आपण गहिवरतो, आणि त्या गहिवरात हिशेब बुडतो. वाडा कुणाच्या जिवावर उभा होता? प्रभाचं शिक्षण थांबवलं गेलं. चंदू घरचाच मुलगा, पण गड्यासारखा राबतो. वहिनी सगळं घर ओढते. भास्कर रात्री दागिने काढतो आणि वहिनी ते अंगावर चढवते, तो प्रसंग म्हणून मला आता वेगळाच दिसतो: सोनं अंगावर आहे, पण घटकाभर. एलकुंचवारांनी हे सगळं लख्ख मांडलंय. आपण मात्र भिंतींकडेच बघत राहिलो.

नाटक आलं तेव्हा प्रभासारख्या मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानं हक्क नव्हता. महाराष्ट्रात तो १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. कायद्यानं मी प्रभाच्या बरीच पुढे आहे. तरी माझ्यापुढे वाटणी तीच: सेवा मुलीकडे, सातबारा मुलांकडे. आणि ही वाटणी मायेनं, पाठीवर हात ठेवून होते, म्हणून भांडायचीही लाज वाटते.

मी रोज दिवा लावते. चिंचेनं टाक घासते. हक्कसोडपत्र देव्हाऱ्याच्या खणात आहे, कापसाच्या वातींशेजारी. सही केलेली नाही.