हा संजय बोलतो का?

१५ जानेवारी २०२५ला पुण्यात सैन्यदिनाचं संचलन झालं. मी ते लोणार तालुक्यातल्या आमच्या घरी, आबांच्या खाटेवर बसून मोबाईलवर पाहिलं. चार पायांचे रोबो जवानांसोबत चालत होते. "आबा, यांचं नाव संजय," मी सांगितलं. आबांनी आयुष्यभर पारायणांत संजय ऐकलेला. त्यांनी एकच विचारलं, "हा बोलते का बापा?"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

यंत्राचं काम साधं आहे. अंगावर कॅमेरे आणि सेन्सर, जिना चढायची ताकद, थोडं ओझं वाहायची सोय. पडक्या घरात कोण दबा धरून बसलंय, हे बघायला जवानाच्या आधी तो आत जातो. या युक्तिवादाचं वजन आमच्या जिल्ह्याला वेगळं सांगावं लागत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यात बुलडाण्याचे दोन होते: चोरपांग्र्याचे नितीन राठोड आणि मलकापूरचे संजय राजपूत. तिथे स्फोटकांनी भरलेली गाडी ताफ्यावर आदळली होती, असा रोबो काही करू शकला नसता. तरीही, ज्या गावात तिरंग्यात गुंडाळलेली पेटी उतरते, तिथे 'माणसाऐवजी यंत्र जाऊ दे' याला नाही म्हणवत नाही. मीही म्हणत नाही.

माझी तक्रार नावाबद्दल आहे. 'संजय' म्हटलं की आपल्याला राजवाड्यात बसून लाइव्ह कॉमेंट्री करणारा माणूस आठवतो. महाभारतातला संजय तसा नाही. भीष्म पडल्यावर तो रणांगणावरून हस्तिनापुरात येतो आणि मग सांगू लागतो. पुढे सात्यकी त्याला पकडतो. मरणाच्या दारातून त्याला व्यास सोडवतात. म्हणजे बघणाऱ्याचाही जीव पणाला लागलेला आहे.

दुसरं, तो नुसतं दृश्य पोचवत नाही. मुलांसाठी रडणाऱ्या धृतराष्ट्राला तो पुन्हा पुन्हा सुनावतो की हे तुमच्याच वागण्याचं फळ आहे. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: दुर्योधन गेल्यावर संजयची दिव्यदृष्टी संपते. ती युद्धापुरती मिळालेली असते, युद्धाबरोबर जाते.

आपला रोबो या तिन्ही कसोट्यांवर नापास होतो. त्याचा जीव जात नाही, तो मालकाला टोकत नाही, आणि त्याची नजर कधी परत घ्यायची हे कुणी ठरवलेलं नाही. ड्रोन आधी सैन्याचेच होते. आज ते लग्नातही उडतात आणि मोर्चाच्या बंदोबस्तातही.

नाव ठेवलं की वस्तू घरातली होते. २०२५च्या आयपीएलमध्ये असाच एक कॅमेरावाला रोबो कुत्रा मैदानात फिरला. चाहत्यांनी मतं देऊन त्याचं नाव 'चंपक' ठेवलं. खेळाडू त्याच्याशी खेळले, आपण रील्स शेअर केल्या. एका नावाने कॅमेरा पाळीव झाला, दुसऱ्याने तो ऋषितुल्य झाला. दोन्ही वेळा 'हा कुणाकडे बघतोय?' हे विचारायचं राहून गेलं.

बघण्यापासून मारण्यापर्यंतचं अंतर फार नाही. माणसाच्या हुकमाशिवाय लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांबद्दल डिसेंबर २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला. १५२ देश बाजूने होते, ४ विरोधात. त्या चारांत भारत होता. ही चर्चा जिनिव्हातल्या शस्त्रविषयक कराराच्या चौकटीतच व्हावी, ही आपली भूमिका. ती मांडायचा देशाला हक्क आहे. पण तुमच्या फीडमध्ये संचलनाची रील किती वेळा आली, आणि या मतदानाची बातमी किती वेळा?

धृतराष्ट्रालाही दिव्यदृष्टी मिळत होती. नातलगांचा संहार बघवणार नाही म्हणून त्याने ती नाकारली आणि बघण्याचं काम दुसऱ्याकडे दिलं. मोबाईल हातात धरून मी त्या दिवशी त्याच्याच जागी बसलो होतो. म्हणूनच आबांचा प्रश्न टोचला असावा.

त्यांना उत्तर मात्र मी दुसऱ्या दिवशी दिलं. बोलतो आबा, पण फक्त चालवणाऱ्याशी.

"मग त्याले संजय काऊन म्हणता?" ते म्हणाले.