झोळ पडला पाहिजे

कापड नेसवण्याची कला कोल्हापूरला नवी नाही. अंबाबाईच्या मूर्तीला श्रीपूजक रोज साडी नेसवतात. नवरात्रात दररोज निराळ्या रूपातली पूजा बांधली जाते आणि निऱ्यांच्या ठेवणीवर देवीचा सगळा थाट बदलतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे 1910 च्या दशकात संगीत नाटकांचे पडदे रंगवत होते. सपाट कापडावर महालांची खोली उभी करत होते. शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर उभं केलं, ते याच काळात.

एवढं असून शहरातल्या खिडक्या मात्र बापुडवाण्या दिसतात. राजारामपुरीतला फ्लॅट घ्या की उपनगरातला बंगला, स्टीलचा रॉड, त्यात ओवलेला आयलेटचा पॉलिएस्टर पडदा आणि फार हौस असली तर वर शिवून घेतलेली झालर. या झालरीच्या चुण्या शिवणीनं पक्क्या केलेल्या असतात. दहा वर्षांनीही त्या तशाच राहणार, आणि नेमकं तेच तिचं वैगुण्य आहे.

मोकळं कापड रॉडवरून टाकून मध्ये झोळ सोडायचा, दोन्ही टोकं बाजूंना लोंबू द्यायची, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत फार चालली. कोल्हापूरच्या घरात तिला लागणारं सामान कपाटातच असतं. चार फूट रुंदीची खिडकी, दोन्ही बाजूंना चार-चार फूट लोंबती टोकं आणि झोळासाठी दोन फूट धरले, तर चौदा फूट कापड पुरतं. साडेपाच मीटरची साडी अठरा फूट भरते. उरलेल्या कापडात रॉडला एक वेढाही बसतो. साडी जमिनीवर पसरून लांबीच्या बाजूनं निऱ्या घालायच्या, दर दोन फुटांवर सैल नाडी बांधायची, रॉडवर चढवून मग नाड्या सोडायच्या. वरची निरी ताणलेली आणि खालची प्रत्येक थोडी अधिक सैल ठेवली, तरच झोळ पडतो. सगळ्या सारख्या ओढल्या तर खिडकीवर वाळत घातलेलं धुणं दिसतं.

कापडाची निवड इथं निम्मं काम करते. खळ दिलेली नवी सुती साडी ताठ उभी राहते. धुऊन मऊ झालेली जुनी साडी किंवा जॉर्जेट अलगद उतरतं. शिवूनच घ्यायचं असेल तर कापड उरेब कापावं लागतं, नाहीतर झोळाला वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात. उरेब कापण्यात कापड वाया जातं, म्हणून शिंपी सहसा टाळतो.

झोळ धरण्याची नजर आज शाबूत आहे ती मांडववाल्यांकडे. गणेशोत्सवात नुसत्या टाचण्यांवर ते कापडाचा असा उतार धरतात की शिवणीची आठवण होऊ नये. त्यांचा दोष अतिरेकाचा: तीन रंगांचं सॅटिन, वर दिव्यांच्या माळा. शिवाय मंडळाचं काम संपलं की ही माणसं घरांच्या खिडक्यांकडे वळत नाहीत. शेजारी गांधीनगरची कापडाची घाऊक पेठ आणि 1904 पासून यंत्रमाग चालवणारं इचलकरंजी असताना दुकानदार ग्राहकाला वारावर कापड दाखवण्याऐवजी तयार झालरींचे नमुने दाखवतो.

धुळीची आणि कोल्हापुरी पावसाची तक्रार खरीच आहे. आषाढात पडद्यांना कुबट वास येतो. पण मोकळी साडी दोन मिनिटांत उतरते, घरी धुता येते आणि पंख्याखाली वाळते. पेलमेटला ठोकलेली झालर काढायला सुताराला बोलवावं लागतं, म्हणून ती दिवाळीपर्यंत तशीच राहते.