सेफेर तोराची नवी पेटी

बीरशेबाच्या एका सिनेगॉगमध्ये जुन्या पेटीच्या धर्तीवर छोट्या कारखान्यातून मुद्दाम करवून घेतलेली सेफेर तोराची पेटी आम्ही पाहिली. चांदीच्या पत्र्यावरील उठावाची नक्षी खरोखर देखणी. हातोडीचा ठोका कुठे चुकलेला नाही. सुतारकाम मात्र आम्हांला पटले नाही. अश्कनाझी तोरा आडवी ठेवतात, आपली पेटीत उभीच वाचली जाते. वाचनापूर्वी उघडी पेटी उचलून मंडळीला दाखविताना सारा ताण मागच्या बिजागऱ्यांवर येतो. इथे त्याच नाजूक, आणि स्क्रू पातळ फळीत! शिवाय नेगेवची हवा कोरडी. लाकूड आक्रसते, पत्रा नाही. एका कडेला फट दिसू लागलीच आहे. देणगीदारांनी नक्षी दहादा तपासली म्हणे. लाकूड मुरलेले आहे का, हे कोणी विचारले नाही. सणांपूर्वी निदान बिजागऱ्या तरी बदलून घ्याव्यात.