टपालाने आलेले पंख

अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्यापैकी काहींनी बर्डकास्टचा नकाशा पाहिला असेल. रात्री देशावरून किती पक्षी, कुठल्या दिशेने, किती उंचीवरून चाललेत, ते कॉर्नेल विद्यापीठाचा हा प्रकल्प हवामान रडारच्या नोंदींवरून दाखवतो. आयर्लंडमध्ये बसून तो बघताना वाटतं, असं इथेही हवं. पण तसा हट्ट धरण्याआधी १९०० साली निघालेलं एक आयरिश पुस्तक चाळून बघा.

विकलो परगण्यातले निसर्ग-अभ्यासक रिचर्ड मॅनलिफ बॅरिंग्टन यांचं हे पुस्तक. आयर्लंडच्या दीपगृहांवरच्या आणि दीपनौकांवरच्या रखवालदारांनी १८८१ ते १८९७ या काळात केलेल्या पक्ष्यांच्या नोंदी त्यात आहेत. रात्री दिव्यावर आदळून मेलेल्या पक्ष्यांचे पाय आणि पंख हे लोक टपालाने बॅरिंग्टनकडे पाठवायचे. पुस्तकाच्या शेवटी सुमारे १६०० पंखांची मापं दिलीयत! खरं सांगायचं तर वाचायला रटाळ आहे, पानंच्या पानं नुसत्या नोंदी. पण त्या नोंदींमध्ये जागा आहे, तारीख आहे आणि पक्ष्याला नाव आहे.

रडारकडे नेमकं नावच नाही. थवा किती दाट, किती वेगाने, कुठे चाललाय ते कळतं. तो कोणत्या पक्ष्यांचा, ते कळत नाही. उलट पुस्तकाची खोट अशी की पक्षी दिव्यावर आदळतात ते मुख्यतः ढगाळ, धुकट, अंधाऱ्या रात्री. निरभ्र रात्री वरून गेलेले हजारो पक्षी त्यात आलेच नाहीत. ती उणीव रडार भरून काढू शकतं.

मग अडतं कुठे? आयरिश हवामान खात्याची रडारं दोन: डब्लिन आणि शॅनन विमानतळांवर. पक्षी मोजायला त्यांचा साधारण पहिला पंचवीस-तीस किलोमीटरचा घेरच भरवशाचा. पृथ्वी गोल असल्याने पुढे झोत वर-वर जातो. अर्ध्या अंशाने वर रोखलेला झोत शंभर किलोमीटरवर जवळपास दीड किलोमीटर उंचीवर असतो. टस्कर रॉक, फास्टनेट ही दीपगृहं तर त्याहून दूर. शिवाय हवामानवाल्यांना हवा असतो पाऊस. तांदळातले खडे वेचावेत तसे पक्ष्यांचे प्रतिध्वनी वेचून टाकले जातात. निवडलेलीच माहिती जपली, तर पक्षी कायमचे गेले.

आणि हा वाद हौशी लोकांपुरता नाही. २०३० पर्यंत समुद्रात ५ गिगावॉट पवनऊर्जेचं लक्ष्य आयर्लंडने ठेवलंय. पवनचक्क्यांची पाती फिरतात ती समुद्रापासून दोन-तीनशे मीटरच्या आत, म्हणजे दूरच्या रडारला न दिसणाऱ्या थरात. तिथे नकाशा कोरा दिसला, तर त्याचा अर्थ 'पक्षी नाहीत' असा लावू नका. 'मोजलं नाही' असा लावा.

आता पंख पाठवणारंही कोणी उरलेलं नाही. १९९७ मध्ये हाउथच्या बेली दीपगृहावरून शेवटचे रखवालदार उतरले. म्हणून माझी मागणी नुसत्या नकाशाची नाही. रडारची न निवडलेली माहिती जपा आणि जोडीला किनाऱ्यावर रात्री आवाज टिपणारी यंत्रं लावा. ऑक्टोबरात आइसलँड आणि स्कँडिनेव्हियातून येणारा रेडविंग, आपल्या कस्तुराचा भाऊबंद, उडताना बारीक 'सीऽप' करतो. त्या एका आवाजावरून त्याचं नाव लिहिता येतं.